सात पावलं आणि प्रेसचं पेडल

स्वयंपाकघरात सुधारणा करायला गेलं तर फार तर एक वेळचं जेवण चुकतं, हे मला अनुभवाने माहीत होतं. बायकोच्या कॉम्प्युटरमध्ये सुधारणा करायला गेल्यावर काय काय चुकतं, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं, हा भाग वेगळा.

चाकणच्या ज्या कंपनीत मी मेंटेनन्सला होतो, तिथे दाराजवळ एक सूचनापेटी होती. यंत्रात किंवा कामाच्या पद्धतीत एखादी सुधारणा सुचवावी, ती पसंत पडली की साहेबांच्या हस्ते स्टीलचा डबा घ्यावा आणि फोटो काढून घ्यावा, अशी तिथली रीत. मी निवृत्त झालो तेव्हा घरात डबे इतके झाले होते की भरायला डाळींचे प्रकार कमी पडत होते. आता पेटी नाही, डबा नाही, पण सूचना येतच राहतात. जिन्याचा कठडा, लिफ्टचं बटण, शेजाऱ्यांची चपला ठेवायची पद्धत, सगळीकडे मला सुधारणेला वाव दिसतो. "ह्या माणसाला धड चाललेली वस्तू बघवत नाही," असं आमची इंदू म्हणते. ती हे कौतुकाने म्हणते, असा माझा समज आहे.

मोशीच्या आमच्या सोसायटीत मला 'इंदुताईंचे मिस्टर' एवढीच ओळख उरली आहे, आणि त्याला कारण रुखवत. मुलीकडचे लग्नात टेबलावर जे रुखवत मांडतात, त्यात हल्ली लाडू-चकल्यांच्या जोडीला लाकडी वस्तूही असतात. नवरानवरीच्या नावांची पाटी, तोरण, सप्तपदीची सात पावलं. ही नक्षी इंदू कॉम्प्युटरवर काढते. पन्नाशी उलटल्यावर बायकांच्या एका वर्गाला जाऊन शिकली. तिची फाईल भोसरीला सयाजीच्या वर्कशॉपमध्ये जाते आणि तिथलं लेझर मशीन प्लायवूडमधून ती नक्षी जशीच्या तशी कापून काढतं.

ती ज्या सॉफ्टवेअरवर काढते, त्यातलं चित्र नुसत्या रेषांचं असतं. रेषेवर बारीक बारीक ठिपके असतात. ठिपका माऊसने धरून ओढला की रेष वाकते. ठिपके फार झाले की रेष थरथरल्यासारखी दिसते, कमी केले की गुळगुळीत होते. फोटो मोठा केला की फाटतो, ही रेष मात्र घराएवढी केली तरी तशीच राहते. हे सगळं इंदूने मला एकदा समजावून सांगितलं, मी मान डोलावली आणि आपल्याला कळलं असं धरून चाललो.

तर नानासाहेबांच्या नातीचं, उत्कर्षाचं, माघातलं लग्न ठरलं. नानासाहेब आमचे चेअरमन. मूळ मोशीतले. आमची इमारत उभी आहे तिथे पूर्वी त्यांचं कांद्याचं वावर होतं, त्यामुळे फ्लॅट आमच्या नावावर असले तरी आम्ही त्यांच्या बांधावर बसलोय असं त्यांनाही वाटतं आणि खरं सांगायचं तर आम्हालाही. उत्कर्षाच्या रुखवतातली सात पावलं इंदूने करायची, असं ठरलं. इंदूने बाजारू नमुना घेतला नाही. उत्कर्षाला घरी बोलावलं, ड्रॉइंगच्या कागदावर उभं केलं आणि तिच्या उजव्या पायाभोवती पेन्सिल फिरवली. मग दुसरा कागद, मग तिसरा, असे सात कागद.

"अगं, एकदाच काढ आणि त्याच्या कॉप्या मार," मी सोफ्यावरून सुचवलं.

"एकच पाय सात वेळा तसाच पडतो होय?" इंदू म्हणाली. उत्कर्षा खुदकन हसली. मी पेपर तोंडासमोर धरला.

कागद स्कॅन होऊन कॉम्प्युटरवर चढले आणि त्याच आठवड्यात इंदूचा उजवा अंगठा आखडला. चहाचा कप धरवेना, कणीक मळवेना. डॉक्टरांनी अंगठा दाबून बघितला, इंदू कळवळली, मी उगीचच "आई गं" म्हणालो. माऊस दाबून दाबून शिरेला सूज आली आहे, पट्टा बांधा आणि माऊस बंद, असं डॉक्टर म्हणाले. किती दिवस, असं विचारल्यावर ते "बघू" म्हणाले.

बातमी सोसायटीत पसरली आणि सल्ले सुरू झाले. एरंडाचं पान बांधा. आंबेहळद लावा. आळंदीला एक जण शिरा मोकळ्या करतो, त्याच्याकडे जा. खालच्या मजल्यावरचे लक्ष्मणराव खास वर येऊन सांगून गेले, की त्यांच्या मेहुणीला अस्संच झालं होतं आणि शेवटी ऑपरेशन करावं लागलं. ते गेल्यावर इंदूने कॉम्प्युटर सुरू केला. पट्टा बांधलेला हात मांडीवर ठेवून ती पडद्यावरच्या पावलांकडे नुसती बघत बसली. मला ते बघवेना. आयुष्यभर तिने माझे डबे भरले, पोराच्या शाळा केल्या, आणि इतक्या वर्षांनी तिला स्वतःचं असं काही सापडलं होतं. ते एका अंगठ्यावरून जातंय की काय, या धास्तीने मला घास गोड लागेना.

आणि घास गोड लागेनासा झाला की मला सूचना सुचते.

मी तिच्या मागे स्टूल टाकून बसलो. ती डाव्या हाताने माऊस चालवायचा प्रयत्न करत होती. पेन्सिलीच्या रेषेला ठिपकेच ठिपके आले होते. ती एकेक ठिपका धरायची, काढायची, थांबायची, मान तिरकी करून बघायची, मग पुढचा. माझ्यातला मेंटेनन्सवाला अस्वस्थ झाला. सॉफ्टवेअरच्या पोटात 'रेष सोपी करा' अशी एक आज्ञा होती, जी जादा ठिपके एका दमात काढून टाकायची, पण ती शोधायला यादीतली यादी उघडावी लागे. माझं म्हणणं होतं, हिला एक मोठं ढब्बू बटण पाहिजे, समोर, ठसठशीत.

हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. जगभरातली माणसं मिळून ते सांभाळतात आणि सूचना मागवतात. म्हणजे सूचनापेटीच की! मी डिक्शनरी जवळ घेऊन सुंदर इंग्रजीत सूचना लिहिली. त्यावर कुणीतरी विचारलं, तुमची आवृत्ती कोणती. मी ती शोधून कळवली. मग विचारलं, कॉम्प्युटर कोणता. तेही कळवलं. मग एकाने माझी सूचना 'डुप्लिकेट' ठरवून बंद केली, कारण हीच सूचना कुणीतरी काही वर्षांपूर्वी केली होती आणि ती अजून विचाराधीन होती. माझ्या अख्ख्या नोकरीत मला कुणी डुप्लिकेट म्हटलं नव्हतं. त्यांच्यातल्या एका भल्या माणसाने मात्र खाली लिहिलं होतं, की माझ्याही बायकोचं मनगट दुखायचं, तुमच्या पत्नीला लवकर आराम पडो. ते मी इंदूला मराठीत वाचून दाखवलं. "कुठला गं बाई कोण, पण विचारलं," ती म्हणाली, आणि त्या दिवशी थोडं जेवली.

परदेशातून काही होणार नाही हे कळल्यावर मी समोरच्या फ्लॅटमधल्या नवनाथकडे गेलो. नवनाथ लातूरकडचा, चाकणच्या एका कारखान्यात यंत्रांचं प्रोग्रॅमिंग करतो. नाईट शिफ्टवरून येऊन नुकताच चहा पीत बसला होता.

"कामून टेन्शन घ्यायलाव काका?" तो म्हणाला. "काकूचा हात बंद हाय, पाय तर चालू हायत की. पायानं दाबायचं करू."

हे मला सुचायला हवं होतं, असं मला लगेच वाटलं, आणि संध्याकाळपर्यंत ते मलाच सुचलं होतं अशी माझी खात्री झाली. चिखलीच्या भंगारवाल्याकडून मी प्रेस मशीनचं पायाचं पेडल आणलं. बिडाचं. उचलताना माझीच कंबर धरली. नवनाथने एका जुन्या कीबोर्डचं पोट फाडून त्याच्या वायरी पेडलला जोडल्या, कॉम्प्युटरला काहीतरी समजावून सांगितलं, आणि टेबलाखाली यंत्र बसलं. इंदूने डाव्या हाताने त्याला हळदकुंकू वाहिलं. मी नारळ फोडणार होतो, पण फरशी नवी होती.

इंदूने डाव्या हाताने एक पाऊल निवडलं आणि पायाने पेडल दाबलं. खटाक! थरथरणारी रेष क्षणात शहाणी झाली. इंदूच्या तोंडातून "अगंबाई" निघालं आणि ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली. स्टीलचा डबा हातात घेतानाही मला इतकं बरं वाटलं नव्हतं. ती एकदाच दाबायची, मग थांबून निरखायची, मग पाहिजे तिथे डाव्या हाताने एखादा ठिपका हलवायची. एकेक पाऊल उभं राहू लागलं.

इथे मी थांबायला हवं होतं. पण माझ्या लक्षात आलं, की मध्येच व्हॉट्सॲप उघडलं की पेडल काम करत नाही, आणि दर वेळी पाऊल आधी निवडावं लागतं. "मला काही अडचण नाही," इंदू म्हणाली. ज्याला अडचण आहे त्याला ती कळत नाही, हे सूचनाशास्त्राचं पहिलं तत्त्व. ती संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेलेली असताना मी नवनाथकडून आणखी सुधारणा करून घेतली. आता समोर काहीही उघडं असो, पेडल दाबलं की काम पावलांवर, तेही सगळ्या पावलांवर एकदम.

तेवढ्यात चेअरमनसाहेबांची स्वारी तपासणीला आली.

"आवो, खालचे लक्ष्मणराव म्हनत्यात, तुमी घरात प्रेस मशीन बशिवलंय," नानासाहेब दारातूनच म्हणाले. "दिसभर खटाक खटाक चालू हाय म्हनं. राहत्या जागंत कारखाना चालत न्हाई. बायलॉजमधी हाय."

मी त्यांना टेबलाखाली वाकवून यंत्र दाखवलं. एवढं बिडाचं धूड, आणि त्यातून काही कापलं जात नाही, ठोकलं जात नाही, फक्त रेष गुळगुळीत होते, हे त्यांना पटेना. "मंग याला एवढं वजन कशापायी?" त्यांनी विचारलं. मी पावलांची फाईल बंद करून रिकामी उघडली, त्यांच्याच हातून एक वेडीवाकडी रेघ काढवून घेतली आणि त्यांना पेडल दाबायला दिलं. त्यांनी दाबलं. पुन्हा दाबलं. मग खुर्ची ओढून बसले आणि मी चहा करून आणेपर्यंत दाबत राहिले.

"ब्येस हाय," ते म्हणाले. "आमच्या उत्कर्षाचंच काम हाय, मी न्हाई कशाला म्हनंल? पर तक्रार लेखी आलीय. खाली रबर टाका, आवाज बंद करा, आन् कारखाना न्हाई म्हून सोसायटीला एक अर्ज द्या. टाइप करून."

नवनाथने पेडलखाली जाड रबर घातलं आणि आतही काहीतरी कोंबलं. आवाज साफ बंद झाला. लक्ष्मणरावांनी वर येऊन अभिनंदन केलं.

इंदूचं पेडलचं काम तोवर उरकलं होतं; शेवटचे ठिपके हाताने हलवून तिने सातही पावलं एका संध्याकाळी पूर्ण केली. "फाईल उघडीच आहे, तेवढी सयाजीला पाठवा," असं सांगून ती दुसऱ्या सकाळी डॉक्टरांकडे गेली. मी तिच्या खुर्चीत बसलो. आधी सोसायटीचा अर्ज टाइप करावा, मग फाईल पाठवावी, असा विचार केला. अर्ज मोठा मनापासून लिहिला. 'सदर उपकरण हे औद्योगिक स्वरूपाचे नसून कौटुंबिक स्वरूपाचे आहे' हे वाक्य जमायलाच बराच वेळ गेला.

आता मला एक खोड आहे. विचार करायला लागलो की माझा उजवा पाय हलतो. आई लहानपणी मांडीवर चापट मारून म्हणायची, बसल्या बसल्या पाय हलवू नये, घरातली लक्ष्मी जाते. लक्ष्मीचं माहीत नाही, पण त्या दिवशी माझा पाय पेडलवर होता. आवाज आम्हीच बंद केलेला. आणि ती 'सोपी करा' आज्ञा अशी आहे, की लागोपाठ दिली तर दर वेळी अधिक जोराने काम करते. हे मला नंतर कळलं. इकडे माझा अर्ज रंगत होता आणि तिकडे अर्जाच्या मागे, माझ्या नकळत, उत्कर्षाच्या पावलांची बोटं एकेक करून विरघळत होती. मी अर्ज सेव्ह केला, पावलांची फाईल न बघताच सेव्ह केली, बंद केली, सयाजीला पाठवली, आणि कर्तव्य केल्याच्या समाधानात चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी सयाजीचा फोन आला. "काका, माल कापून तयार हाय. पण राव, एक विचारू का? रुखवतात बटाटे ठेवायची नवी पद्धत निघालीय का?"

मी भोसरीला धावलो. त्याच्या टेबलावर प्लायवूडचे सात गुबगुबीत बटाटे ओळीने मांडले होते. बोट नाही, टाच नाही, तळव्याचा खळगा नाही. त्यांच्यावरची अक्षरं तेवढी शाबूत होती. पहिल्या बटाट्यावर इंदूच्या वळणदार अक्षरात कोरलं होतं, 'पहिलं पाऊल अन्नासाठी'.

ते पोतं घेऊन घरी कसा आलो ते माझं मला माहीत. वाटेत मी नवनाथला, लक्ष्मणरावांना, सयाजीला आणि त्या डुप्लिकेटवाल्या परदेशी मंडळींना मनात भरपूर सुनावलं. घरी आल्यावर पोतं उघडलं आणि त्यातलं काहीच आठवेना.

इंदू रागावली असती तर बरं झालं असतं. तिने एक बटाटा हातात घेतला, उलटसुलट केला. जुनी फाईल गेली का, एवढंच विचारलं. मी होय म्हणून मान हलवली. तिने कॉम्प्युटर बंद केला आणि त्याच्यावर माझा धुतलेला पंचा घातला.

"पायाची बोटं गेली, हाताचा अंगठा गेला," ती शांतपणे म्हणाली. "बास झालं आता. नानासाहेबांना सांगा, बाजारात तयार मिळतात, चांगली असतात. हा नाद माझ्या वयाचा नव्हताच."

आणि ती आत जाऊन डाव्या हाताने कोथिंबीर निवडायला बसली.

मला वाईट वाटलं, असं म्हणणं फार कमी आहे. इंदू हरलेली मी पाहिली नव्हती. बदली, आजारपण, माझ्या आईचा स्वभाव, कशापुढेच ती हरली नव्हती, आणि तिला मी हरवलं होतं, तेही मदत करून. मी बटाटे पुन्हा पोत्यात भरले. ते सात कागद मात्र अजून कपाटावर होते, पेन्सिलीच्या पावलांसकट.

दुपार होती. मी पंचा काढला, कॉम्प्युटर सुरू केला, पहिला कागद पुन्हा स्कॅन केला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या सॉफ्टवेअरमध्ये रेष काढायला बसलो. इतके दिवस मी त्यात सुधारणा करत होतो, पण रेष एकही काढली नव्हती. ठिपका धरायला जावं तर पूर्ण पाऊल सरकायचं. पाऊल सरळ करायला जावं तर उताणं पडायचं. एकदा काय दाबलं कोण जाणे, चित्र इतकं मोठं झालं की पडद्यावर नुसता पांढरा उजेड राहिला. मग लहान केलं तर इतकं लहान झालं की शोधायला चष्मा पुसावा लागला. मी पुटपुटत होतो, घामाघूम होत होतो. कोथिंबीर निवडायचा आवाज कधी थांबला, ते मला कळलं नाही.

"टाचेला एवढे ठिपके कशाला? तिथे दोन पुरतात," मागून आवाज आला.

मी दोन ठेवले. टाच खरोखरच टाचेसारखी दिसू लागली. माझा पाय सवयीने पेडलकडे गेला. इंदूने तिच्या पायाने ते धूड भिंतीकडे सारलं. मग ती माझ्या मागे आली, खांद्यावरून वाकली आणि तिचा डावा हात तिने माऊसवरच्या माझ्या हातावर ठेवला.

"इथे ओढा. हळू. अहो, हळू म्हणते ना."

"डावीकडे का उजवीकडे?"

"डावीकडे."

"माझ्या डावीकडे का पावलाच्या?"

"लग्नाला इतकी वर्षं झाली, आपली डावी-उजवी एकच आहे," ती म्हणाली, आणि ओठ दाबून हसली.

मग ती सांगत गेली आणि मी दाबत गेलो. हा दुसरा कागद, तेव्हा पेन्सिल टोचून उत्कर्षाला गुदगुल्या झाल्या होत्या, म्हणून बोटं आत वळलीत, ती तशीच राहू द्या. हा पाचवा, तेव्हा तिला अजिंक्यचा, होणाऱ्या नवऱ्याचा, फोन आला आणि तिने सगळा भार टाचेवर टाकला. सातव्याला पोरगी कंटाळून माझ्या खांद्याला धरून उभी होती, बघा कसं निवांत पाऊल पडलंय. मी बघत होतो. तीच रेष, तेच ठिपके, आणि इतके दिवस मला त्यात फक्त वाया जाणारा वेळ दिसला होता. मी तिला हे सांगितलंही. "तेच तर म्हणते मी," इंदू म्हणाली. "ठिपका काढायच्या आधी मी जरा थांबते ना, तेवढंच माझं असतं."

लग्न जवळ आलं होतं, पण आम्ही घाई केली नाही. रोज दुपारी बसायचो. भांडायचोही. एकदा तिने तीन वेळा "अजून थोडं" म्हटल्यावर मी माऊस आपटला, तेव्हा तिने मला चहा करायला पाठवलं. एका दुपारी नानासाहेब तो राहिलेला अर्ज न्यायला आले. दार लोटलेलंच होतं. खुर्चीत मी, मागून वाकलेली इंदू, आणि एका माऊसवर आमचे दोघांचे हात, हे बघून ते उंबऱ्यातच थबकले, मोठ्याने खाकरले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागले.

"चालू द्या, चालू द्या," ते म्हणाले. "अर्ज न्हाई दिला तरी चालंल."

सयाजीने नवीन पावलं कापून स्वतः आणून दिली. जाताना बटाट्यांचं पोतं तो घेऊन गेला. म्हणाला, पोळ्या झाकायला बरे आहेत.

लग्न चऱ्होलीकडच्या एका लॉनवर होतं. रुखवताच्या टेबलावर मधोमध सात पावलं मांडली होती. मी तिथून हललो नाही, न जाणो, कुणी काही विचारलं तर. सीमांतपूजनाच्या आधी उत्कर्षा मैत्रिणींना घेऊन बघायला आली, आणि तिला काय वाटलं कुणास ठाऊक, तिने एकेक पाऊल खाली गवतावर घेऊन चप्पल काढून त्यावर आपला पाय ठेवून बघायला सुरुवात केली. पहिलं बरोबर बसलं. दुसऱ्याला ती हसली, बोटं तशीच आत वळवली आणि ते बसलं. तिसरं, चौथं. पाचव्यावर ती थांबली.

"काकू, हे टाचेपाशी काय आहे? माझ्या टाचेला असा उंचवटा नाहीये."

तिथे माझा हात हलला होता, मला पक्कं आठवत होतं. मी पुढे होऊन काहीतरी बोलणार, तेवढ्यात इंदू म्हणाली, "मला दिसला होता तो. एका ठिपक्याचं काम होतं."

"मग काढला का नाहीस?" मी विचारलं.

इंदू माझ्याकडे न बघता उत्कर्षाला म्हणाली, "सगळी पावलं तुझीच आहेत गं. तेवढा उंचवटा आमच्या ह्यांचा आहे. राहू दे."

उत्कर्षाने वाकून पाचव्या पावलावरून हात फिरवला आणि ते जसं होतं तसं टेबलावर ठेवलं. लग्नात डोळे पुसायचा मान मुलीच्या घरच्यांचा असतो, म्हणून मी मांडवाच्या खांबाचे नटबोल्ट तपासायला गेलो. परत आलो तेव्हा मुलाकडची कुणी बाई इंदूला विचारत होती, हे कुणी केलं, आमच्या मुलीचं वैशाखात आहे, तुम्ही कराल का.

इंदूने पट्ट्यातला अंगठा डाव्या हाताने जरा कुरवाळला. मी श्वास रोखून उभा होतो.

"करू की," ती म्हणाली. "आम्ही दोघं मिळून करतो. पण आमच्याकडे वेळ लागतो, हां."